पहिलं ध्यानशिबिर, तेही थायलंडात

कोह समुईसारख्या बेटांकडे जाणारे बरेच प्रवासी सुरत थानीला उतरून बोट पकडतात. याच प्रांतात चैया गावाजवळ सुआन मोक हा विहार आहे. त्याच्या आंतरराष्ट्रीय केंद्रात वर्षानुवर्षं महिन्याच्या एक तारखेला परदेशी पाहुण्यांसाठी दहा दिवसांचं ध्यानशिबिर सुरू होत आलं आहे. सहलीत हे शिबिर बसवू पाहणाऱ्या मराठी माणसाच्या डोक्यात काही ठाम समजुती असतात. त्यातल्या निम्म्या चुकीच्या.

पहिली समजूत म्हणजे, हे इगतपुरीचं विपश्यना शिबिरच, फक्त विमानाने जायचं. तसं नाही. इगतपुरीची परंपरा ब्रह्मदेशातली. लेडी सयाडो (१८४६–१९२३) या भिक्खूंपासून ती सया तैजी या शेतकऱ्याकडे आली, त्यांच्याकडून उ बा खिन या सरकारी अकाउंटंट जनरलकडे आणि पुढे सत्यनारायण गोएंकांकडे. गोएंकांनी ती १९६९ साली भारतात आणली. त्यांच्या शिबिरात पहिले तीन-साडेतीन दिवस श्वास पाहायचा आणि मग शरीरावरच्या संवेदना. सुआन मोक १९३२ साली बुद्धदास भिक्खूंनी (१९०६–१९९३) उभारलं. तिथला भर आनापानसतीवर, म्हणजे श्वासाच्या आधाराने सोळा पायऱ्यांनी जाणाऱ्या साधनेवर असतो. काठमांडूजवळचा कोपन मठ तर तिबेटी परंपरेचा. तिथे एखादा विषय घेऊन त्यावर मनात विचार करणं हेसुद्धा ध्यानच, आणि प्रश्न विचारायला, चर्चा करायला मुभा असते. ‘बौद्ध ध्यान’ एवढंच वाचून नाव नोंदवणारा माणूस म्हणूनच कधी कधी भलत्याच ठिकाणी जाऊन बसतो. पद्धत कोणती, हे आधी विचारा. पैशाचंही तसंच. गोएंका परंपरेत शुल्क नाही, दान द्यायचं तर शिबिर पूर्ण केल्यावर. सुआन मोकमध्ये जेवणा-राहण्याचे ठरावीक पैसे सुरुवातीलाच घेतात. तेवढ्यावरून त्याला दुकान म्हणू नये.

थायलंडात घरोघरी लोक अडीच हजार वर्षं असेच डोळे मिटून बसत आलेत, हाही एक लाडका समज. गृहस्थांनी वेळापत्रक लावून शिबिरात बसण्याची ही प्रथा जेमतेम शतकभराची, आणि तिला जोर आला तो ब्रह्मदेशात. सामान्य थाई उपासकाचा धर्म म्हणजे सकाळी दारावर येणाऱ्या भिक्खूंना भोजनदान, विहारात जाणं, शील पाळणं. गेस्टहाउसच्या मालकिणीला आनापानसतीबद्दल विचाराल, तर ती बहुधा कौतुकाने हसेल आणि तुम्हालाच विचारेल.

शिबिरात गेलं की शांत वाटायला लागतं, असं सांगणाऱ्यांनी पहिले तीन दिवस सोडून बाकीचं सांगितलेलं असतं. सुआन मोकमध्ये पहाटे चारला घंटा होते. झोपायला सिमेंटचा ओटा, वर चटई, डोक्याखाली लाकडी उशी. दोन वेळा शाकाहारी जेवण, संध्याकाळी फक्त एखादं गरम पेय. वाट्याला आलेलं झाडलोटीचं काम वेगळंच. गुडघे बोलू लागतात, दुपारी पेंग येते, दहा वर्षांपूर्वीचं भांडण शब्दन् शब्द आठवतं. यात तुमचं काही चुकत नसतं. मन रिकामं करा असं तिथे कुणी सांगत नाही. श्वास सुटला हे ध्यानात आलं की परत श्वासाकडे यायचं, एवढंच काम. पद्मासन घालता आलंच पाहिजे असंही नाही. पाठीचं किंवा गुडघ्याचं दुखणं असेल, तर खुर्ची मागता येते. आणि मौन असलं, तरी अडचण सांगायला बंदी नसते.

धर्मांतराची भीती आपल्याकडे जरा जास्तच. गोएंका शिबिराच्या आरंभी त्रिशरण आणि पंचशील घेतात, हे खरं आहे. ते लपवण्यात अर्थ नाही. पण ते शिबिरापुरतं असतं. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी दिलेली धम्मदीक्षा आणि बावीस प्रतिज्ञा हा वेगळा, फार मोठा निर्णय होता. दहा दिवस श्वास पाहून कुणाचा धर्म बदलत नाही.

ध्यानाने अपाय होणारच नाही, हा समज मात्र खरोखर धोक्याचा. बहुतेकांना त्रास होतो तो कंटाळ्याचा आणि अंगदुखीचा. काहींना मात्र तीव्र भीती वाटते, झोप पार उडते, भ्रम होतात, आणि संशोधकांनी अशा नोंदी केलेल्या आहेत. मानसिक आजाराचा इतिहास असेल, तर अर्जात खरं लिहा आणि आधी स्वतःच्या डॉक्टरांशी बोला. गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

राहता राहिला फोन. तो बंद राहणार, हे घरी आधीच सांगून ठेवा, नाहीतर आई तिसऱ्या दिवशी दूतावासाला फोन लावेल. नोंदणीचे नियम निघण्यापूर्वी केंद्राच्या संकेतस्थळावर पाहा. शिबिर अकरा तारखेच्या सकाळी सुटतं आणि चैयाहून बँकॉक रेल्वेने सुमारे ६०० किलोमीटर आहे. तेव्हा परतीचं विमान बारा तारखेच्या आधीचं काढू नका.