खवटपणा डब्यातला आणि पेशीतला

शेंगदाण्याचे कूट फार दिवस उघडे राहिले की त्याला वास सुटतो, हे घरातल्या बाईमाणसाला सांगावे लागत नाही. एका खरिपात तरारून उगवलेले सोयाबीनचे बी नीट न ठेवल्यास पुढच्या खरिपापर्यंत पोत्यातच दगावते, हेही तुम्ही पाहिले असेल. दोन्हीकडे चोर बहुतांशी एकच. हवेतला प्राणवायू तेलाच्या नाजूक रेणूला गाठतो, आणि बिघडलेला रेणू शेजारच्याला बिघडवतो. यालाच आपण खवटणे म्हणतो.

हीच क्रिया आपल्या अंगातही चालू असते. प्रत्येक पेशीचे आवरण मुख्यतः स्निग्ध पदार्थांचेच आहे. ते खवटले की मॅलॉनडायअल्डिहाइड नावाचे द्रव्य तयार होते. नाव जड आहे, पण त्याची खोडी समजायला सोपी. ते जाऊन डीएनएला चिकटते. डीएनए म्हणजे पेशीचे पायाभूत बियाणे. त्यावर डाग पडला की पुढची नक्कल चुकू शकते. पेशीजवळ डाग काढणारे कारागीर असतात, पण त्यांच्या हातून काही सुटले तर कर्करोगाचे मूळ तिथे धरू शकते.

आता तुम्ही विचाराल, हे डाग मोजायचे कसे? जुनी रीत अशी की नमुन्यात थायोबार्बिट्युरिक आम्ल घालून तापवायचे. खवटपणा असेल तर गुलाबी रंग येतो. बियाण्याचा जुनेपणा अभ्यासतानाही ही रीत वापरतात. स्वस्त आहे, पण भोळी आहे. साखरेसारख्या दुसऱ्या द्रव्यांनीही रंग येतो, आणि डीएनएला इजा झाली की नाही ते कळतच नाही.

१९८१ साली अमेरिकेत रँडरॅथ, रेड्डी आणि गुप्ता यांनी वेगळी वाट काढली. यकृताचा तुकडा किंवा रक्तातल्या पांढऱ्या पेशी घ्यायच्या, त्यांतला डीएनए वेगळा करायचा, विकरांनी त्याची अक्षरे सुटी करायची आणि किरणोत्सारी फॉस्फरसची खूण लावून डागाळलेली अक्षरे शोधायची. हा फॉस्फरस आमच्या ओळखीचा. सुपर फॉस्फेटमधले किती स्फुरद पिकाने उचलले, ते पाहायला कृषिशास्त्रज्ञ तोच वापरत आले आहेत. या पद्धतीने शंभर कोटी अक्षरांत एखादा डागही हाती लागतो. ज्वारीच्या हजार दाण्यांचे वजन तीस ग्रॅम धरा, म्हणजे तीनशे क्विंटल ज्वारीत एक किडका दाणा!

१९९४ साली अमेरिकेतच मार्नेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या यंत्राने माणसाच्या यकृतातले मॅलॉनडायअल्डिहाइडचे डाग मोजले. एका पेशीत सुमारे ५४०० निघाले, आणि तेही निरोगी यकृतात! म्हणजे डाग असणे हा रोग नव्हे. किती आहेत आणि वाढतात कशाने, हा खरा प्रश्न.

त्याचे एक उत्तर आपल्या स्वयंपाकघराला लागून आहे. जर्मनीत नायर आणि बार्टश यांनी १९९७ साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. काहींच्या आहारात सूर्यफुलाचे तेल होते, काहींच्या आहारात मोहरीच्या कुळातल्या रेपसीडचे. सूर्यफूल खाणाऱ्या बायकांच्या पांढऱ्या पेशींत खवटण्यातूनच पडणारे, पण दुसऱ्या जातीचे (एथेनो) डाग सुमारे चाळीस पट आढळले. पुरुषांत मात्र तशी वाढ दिसली नाही. एवढ्यावरून सूर्यफुलाचा डबा फेकू नका. हे तेल रक्तातले कोलेस्टेरॉल उतरवते, हेही खरेच आहे. पण करडई, सूर्यफूल आणि जवस यांची तेले लवकर खवटणाऱ्या जातीची. माझे मत विचाराल तर घरात एकच तेल बारमाही नको, शेंगदाणा, तीळ, करडई आलटून पालटून असावे. आणि सणाला तळून उरलेले काळपट तेल पुन्हा कढईत ओतू नये.

तांबे आणि लोखंड ही खवटण्याला खतपाणी घालतात. जन्मजात दोषामुळे यकृतात तांबे किंवा लोह साठत जाते, अशा रोग्यांच्या यकृतात १९९८ साली डाग जास्त सापडले. कल्हई उडालेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात तेल ठेवू नये, त्यामागे हेही कारण आहे.

आता शहरातल्या तपासण्यांविषयी. शरीराचा ‘खवटपणा’ मोजून देतो, असे सांगून कुणी पैसे मागू लागला तर आधी पद्धत विचारा. बियाण्याचा नमुना चुकीचा काढला तर उगवणशक्तीचा दाखला खोटा ठरतो, तसेच इथेही आहे. डीएनएच्या अशाच एका दुसऱ्या इजेची मोजणी युरोपातल्या अनेक प्रयोगशाळांनी १९९७ पासून एकमेकींशी ताडून पाहिली, तेव्हा आकड्यांत प्रचंड तफावत निघाली. कारण टेबलावर काम चालू असतानाच हवेने नमुना बिघडत होता. म्हणून असा नमुना थंडीत सांभाळावा लागतो आणि त्यात खवटणे रोखणारी द्रव्ये घालावी लागतात. एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीच्या आकड्याशी लावून बघू नका, आणि नुसत्या आकड्यावर औषधाच्या गोळ्या तर मुळीच घेऊ नका.