डोळे ठीक, तरी डावीकडचं सुटतं का?

धुळ्याच्या मामांना पक्षाघाताचा झटका आला. घरी आल्यावर ते ताटातली उजवीकडची भाकरी संपवायचे, डावीकडचं भरीत तसंच राहायचं. मामी म्हणाली, "यांना भरीतही आवडेना आता." मोबाईलवर वरच्या डाव्या कोपऱ्यातला बॅकचा बाण त्यांना सापडेना. मी चष्मा बदलून आणला, फरक शून्य. एकदा ताट सहज फिरवलं, तर मामांनी भरीत खाल्लं!

डॉक्टरांनी सांगितलं, बिघाड नजरेत नाही, लक्षात आहे. याला 'स्पेशियल नेग्लेक्ट' म्हणतात. मोबाईलच्या भाषेत सांगायचं तर कॅमेरा चालू आहे, पण फोकसची चौकट डावीकडे सरकतच नाही.

हे डावीकडेच जास्त का होतं? नेहमी दिलं जाणारं स्पष्टीकरण असं: मेंदूचा डावा भाग मुख्यतः उजवीकडे लक्ष ठेवतो, उजवा भाग दोन्हीकडे. डावा बिघडला तर उजवा सांभाळून घेतो. उजवा बिघडला तर डावीकडे बघणारं कोणी उरत नाही.

डोळ्यांचा दोष नाही हे कशावरून? १९७८ मध्ये बिसियाक आणि लुझाती यांनी इटलीतल्या मिलानच्या रुग्णांना शहरातला कॅथेड्रलचा चौक डोळ्यांसमोर आणायला सांगितला. कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहोत अशी कल्पना केली, की डावीकडच्या इमारती सुटायच्या. मग समोरच्या टोकाला उभं राहायला सांगितलं, तेही मनातल्या मनात. आता आधी सुटलेल्या इमारती आठवल्या आणि आधी सांगितलेल्या गळाल्या! म्हणजे आठवण शाबूत होती, लक्षच तिथे पोचत नव्हतं. तुम्हीही जळगाव स्टेशनबाहेरचा रस्ता आठवून बघा: एकदा स्टेशनकडे पाठ करून, एकदा तोंड करून.

घरी काय करायचं? पान वाचायला देताना डाव्या कडेला जाड लाल रेघ ओढा आणि "आधी लाल रेघ शोधा" म्हणा. ओळीची सुरुवात सुटत नाही. रस्त्यावर एकटं सोडू नका, गाडी तर अजिबात देऊ नका. डावीकडून येणारी रिक्षा त्यांच्यासाठी नसतेच. आणि "मुद्दाम करतात" म्हणून रागावू नका. आपलं काही सुटतंय हेच अनेकदा त्यांना कळत नाही.

तोंड अचानक वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर वेळ बघा आणि १०८ लावा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

मामा आता ताट स्वतःच फिरवतात.