वायरलेस घ्यायचं, की वायरच बरी?

जुलैतली संध्याकाळ. धो धो पाऊस, लोकलची गर्दी आणि खिशात चिंब भिजलेला फोन. हॉस्टेलवर येऊन चार्जर लावला, तर स्क्रीनवर इशारा: पोर्टमध्ये ओलावा आहे, चार्जिंग होणार नाही. बॅटरी सहा टक्के. सकाळी पेपर. रेल्वेचा पास फोनमध्ये, हॉल तिकीट फोनमध्ये, चहाचे दहा रुपयेसुद्धा यूपीआयवर! शेवटी रूममेटने तिचं वायरलेस पॅड पुढे सरकवलं. फोन नीट पुसून त्यावर ठेवला. सकाळी उठले तेव्हा बॅटरी फुल्ल. तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न: आपणही हे घ्यावं का?

खरं तर यामागचं विज्ञान जुनंच. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन, बारावीला आपण घोकलेलं तेच. पॅडमध्ये तारेचं वेटोळं असतं. त्यातून सतत दिशा बदलणारा विद्युतप्रवाह गेला की भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि फोनच्या पाठीमागच्या दुसऱ्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. इंडक्शन शेगडीही याच तत्त्वावर चालते. तिथे पातेलं तापतं, इथे बॅटरी भरते.

आता फायदे. रोज पिन खुपसून पोर्ट सैल होतो, वायर मानेपाशी तुटते. ती कटकट कमी. बहुतेक कंपन्या 'ची' हे एकच स्टँडर्ड पाळतात. आयफोननेही २०१७ मध्ये ते स्वीकारलं. त्यामुळे पॅड एका ब्रँडचं आणि फोन दुसऱ्याचा असला तरी काम भागतं. काही इअरबड्सची डबीही त्यावर चार्ज होते. अभ्यासाच्या टेबलावर फोन ठेवायचा, उठताना उचलायचा. बस्स!

पण थांबा. वायर गेली कुठे? फोनची सुटली, पॅडची तशीच आहे. सॉकेट लागतंच. पॅडवर फोन ठेवून रील्स बघायची सोय नाही, कारण हातात घेतला की चार्जिंग बंद. फोन जरा सरकला तरी चार्जिंग मंदावतं किंवा थांबतं. वेटोळी बरोबर समोरासमोर यावीत म्हणून २०२३ मध्ये जाहीर झालेल्या 'ची-टू'मध्ये चुंबक आले, पण आपल्या बजेटमधल्या बऱ्याच फोनमध्ये मुळात वायरलेसच नसतं.

सगळ्यात मोठी अडचण वेगाची. ५००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास ऊर्जा मावते. ५ वॅटच्या पॅडवर तिला नुसत्या गणितानेच चार तास लागतात, प्रत्यक्षात त्याहून जास्त. उलट ६७ किंवा ८० वॅटचा वायरवाला चार्जर तासाभराच्या आत काम उरकतो. लेक्चरला निघायला वीस मिनिटं असताना पॅड काय कामाचं?

वीजही जास्त वाया जाते. अर्थात त्याने बिल काही भडकत नाही. अगदी निम्मी वाया गेली आणि वर्षभर रोज फुल्ल चार्ज केलं, तरी साधारण १४ युनिट. खरा प्रश्न वाया गेलेल्या विजेचं काय होतं हा आहे. तिची उष्णता होते आणि लिथियम-आयन बॅटरीला उष्णता सोसत नाही. सतत तापणाऱ्या फोनची बॅटरी लवकर म्हातारी होते. म्हणून पॅड गादीवर किंवा उशीखाली नको. जाड कव्हर, धातूची रिंग, कव्हरमध्ये खोचलेलं एटीएम कार्ड आधी काढायचं.

मग मी काय केलं? माझा फोन दादाने वापरून दिलेला, त्यात वायरलेसची सोय आधीच होती. म्हणून पेपर संपल्यावर १५ वॅटचं साधं पॅड घेतलं. ॲडॉप्टर वेगळा घ्यावा लागला, हे दुकानात गेल्यावर कळलं! तुम्हीही घेण्याआधी बॉक्सवर नीट वाचा. आता रात्री फोन पॅडवर असतो. दिवसा घाईत मात्र वायरच. फक्त या फीचरसाठी आठ-दहा हजार जास्त मोजून नवा फोन घ्यावा का? माझं उत्तर नाही. तेवढ्या पैशात जास्त स्टोरेज घ्या.

आणि हो, पॅड घेतलं तरी पावसाळ्यात बॅगेत एक झिपलॉक पिशवी ठेवाच. मी ठेवते.