मास्कमधली हवा आणि थकलेले हृदय

१९३६ साली लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या डॉ. पॉल्टन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका साध्या यंत्राची हकिगत मांडली. व्हॅक्यूम क्लीनर जी हवा बाहेर फेकतो तीच हवा त्यांनी मास्कमधून रुग्णांच्या छातीत दाबाने सोडली होती. हृदय थकल्यामुळे फुप्फुसांत पाणी साठलेले हे रुग्ण होते. दोन वर्षांनी न्यूयॉर्कच्या अल्व्हन बॅराक यांनीही हाच मार्ग धरला. धाप बसत होती, पण हा दाब हृदयाचे नेमके काय करतो हे मोजायला १९४८ उजाडले.

त्या वर्षी आंद्रे कूर्नाँ आणि सहकाऱ्यांनी हृदयापर्यंत नळी सरकवून रक्ताचा प्रवाह मोजला. एरवी श्वास घेताना छातीत ओढ निर्माण होते आणि शिरांमधले रक्त हृदयाकडे येते. मास्कचा दाब ही ओढ मोडतो. रक्त कमी आले की हृदय बाहेरही कमी फेकते. निरोगी माणसात दाब वाढवत नेला तर तोटाच दिसतो, हे या मोजमापाने पक्के झाले.

मग थकलेल्या हृदयाला त्याच दाबाने आराम का पडावा? मला या साऱ्या इतिहासातला सर्वात सुंदर भाग हाच वाटतो. धाप लागलेला माणूस जिवाच्या आकांताने हवा ओढतो, तेव्हा छातीतला दाब फार खाली जातो. हृदयाच्या डाव्या कप्प्याला या ओढीविरुद्ध रक्त बाहेर ढकलावे लागते. चढावर हातगाडी ढकलणाऱ्याला मागून कुणी खेचावे तसे. मास्कने ही ओढ सुटते. शिवाय आत येणारे रक्तही आवरले जाते, आणि तुडुंब भरलेल्या हृदयाला तेच हवे असते. जुलाबाने किंवा रक्तस्रावाने शरीर कोरडे पडले असेल, तर मात्र याच दाबाने रक्तदाब कोसळतो. फुप्फुसे फाजील फुगली तर उजव्या कप्प्यावरचा भारही वाढतो.

१९९१ साली ऑस्ट्रेलियात बर्स्टन यांनी फुप्फुसांत असेच पाणी साठलेल्या ३९ रुग्णांवर चाचणी केली. नुसता ऑक्सिजन मिळालेल्या २० जणांपैकी ७ जणांच्या घशात नळी घालावी लागली. सीपॅप, म्हणजे सतत दाबाने हवा देणारा मास्क, लावलेल्या १९ जणांपैकी एकाच्याही नाही. पुढे २००८ मध्ये ब्रिटनमधल्या अशाच १,०६९ रुग्णांच्या चाचणीत मास्कने धाप लवकर उतरली, नाडीचा वेग लवकर कमी झाला. पण सात दिवसांतले मृत्यू जवळपास सारखेच राहिले, नुसत्या ऑक्सिजनवर ९.८ आणि मास्कवर ९.५ टक्के. मास्कचे मोल त्यामुळे कमी होत नाही. गुदमरणाऱ्या माणसाचा एक तास सुसह्य करणे हेही मोठे काम आहे.

खरा धक्का २०१५ मध्ये बसला. हृदय कमकुवत असलेल्या आणि झोपेत मेंदूकडूनच श्वासाचा इशारा थांबणाऱ्या १,३२५ रुग्णांची चाचणी झाली. दर श्वासागणिक दाब आपोआप बदलणारे यंत्र निम्म्या रुग्णांना दिले होते. झोपेतला श्वास सुधारला. हृदयविकाराने मृत्यूची जोखीम मात्र ३४ टक्क्यांनी वाढली. श्वास सुधारला म्हणजे हृदयही सुधारलेच, हा समज तिथे कायमचा मोडला.

करोनाच्या लाटांत अशाच मास्कच्या यंत्राचा ‘बायपॅप’ हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला, आणि ऑक्सिमीटरचा आकडा वाचायला सारे शिकले. रक्तदाबाच्या आकड्याकडे तेवढे लक्ष गेले नाही. मास्क चढवल्यावर तोही तितक्याच आस्थेने पाहायला हवा.

घरी रात्री असे यंत्र लावणाऱ्यांनी ते आपल्या मनाने बंद करू नये. घोरण्याच्या आजारासाठीचे साधे सीपॅप आणि २०१५ च्या चाचणीतले यंत्र वेगवेगळे आहेत. पण हृदयाची ताकद कमी झाल्याचे निदान झाले असेल, तर पुढच्या भेटीत यंत्राचा प्रकार आणि त्यावर लावलेला दाब हृदयरोगतज्ज्ञांना जरूर दाखवा.