पुण्याचा फ्लॅट आणि हटमधले घर: न्यूझीलंडच्या गृहकर्जातील ‘डीटीआय’चे गणित

लोअर हट : नोकरी वेलिंग्टनमध्ये आणि घर हट खोऱ्यात, ही राजधानीच्या परिसरात स्थिरावू पाहणाऱ्या अनेक भारतीय कुटुंबांची निवड असते. वॉटर्लू स्थानकातून लोकल पकडली की वीस-पंचवीस मिनिटांत वेलिंग्टन येते. नायनाय, टाइटा, एपुनी या उपनगरांत १९४०च्या दशकातील सरकारी घरांच्या शेजारी आता नव्या टाउनहाउसच्या रांगा उभ्या आहेत. २०२१च्या अखेरीस शिखरावर पोहोचलेल्या किमती त्यानंतर बऱ्याच उतरल्या. रिझर्व्ह बँक ऑफ न्यूझीलंडचा अधिकृत व्याजदर ऑगस्ट २०२४च्या आरंभी ५.५० टक्के होता, तो नोव्हेंबर २०२५मध्ये २.२५ टक्क्यांवर आला.

हप्ता आवाक्यात आला, म्हणजे कर्जही हवे तेवढे मिळेल, असा समज अशा काळात सहज होतो. परंतु बँकेच्या टेबलावर हप्त्याच्या जोडीला आणखी एक आकडा असतो, आणि व्याजदर कमी झाल्याने तो तसूभरही हलत नाही. कर्ज-उत्पन्न गुणोत्तर, अर्थात ‘डीटीआय’, हा तो आकडा होय. भारतातून आलेल्या कुटुंबांच्या बाबतीत त्याचा एक मोठा भाग न्यूझीलंडबाहेर, पुण्यात, नाशिकमध्ये वा ठाण्यात असतो, आणि तोच नेमका हिशेबातून निसटतो.

गुणोत्तराचा अर्थ

अर्जदाराचे एकूण कर्ज भागिले त्याचे करपूर्व वार्षिक उत्पन्न, एवढेच हे सूत्र आहे. एकूण कर्जात नवे गृहकर्ज तर येतेच. शिवाय मोटारीचे कर्ज, वैयक्तिक कर्ज, क्रेडिट कार्ड, विद्यार्थी कर्ज आणि ‘आता घ्या, नंतर भरा’ स्वरूपाची उधारीही येते. दोघांनी मिळून अर्ज केल्यास दोघांची कर्जे आणि दोघांचे उत्पन्न एकत्र धरले जाते. वर्षाला १ लाख ६० हजार डॉलर मिळवणाऱ्या दांपत्यावर ८ लाख डॉलरचे कर्ज असेल, तर त्यांचे गुणोत्तर पाच. कर्ज किती वर्षांच्या संपूर्ण कमाईएवढे आहे, हे त्यातून कळते.

शब्द एकच असला, तरी देशागणिक अर्थ बदलतो. अमेरिकेत ‘डीटीआय’ म्हणजे मासिक हप्त्यांचे मासिक उत्पन्नाशी असलेले प्रमाण, आणि ते टक्क्यांत सांगितले जाते. भारतीय बँकाही ढोबळमानाने हेच पाहतात: सगळे हप्ते वजा जाता पगारात किती उरते? म्हणूनच अमेरिकेतील भावाचा ‘माझा डीटीआय ३८ आहे’ हा सल्ला लोअर हटमधील बहिणीच्या उपयोगाचा नसतो. न्यूझीलंडच्या गणितात व्याजदर येत नाही, मुदत येत नाही आणि हप्ताही येत नाही.

मर्यादा नेमकी कोणावर?

१ जुलै २०२४पासून रिझर्व्ह बँकेने हे निर्बंध लागू केले. स्वतः राहण्यासाठी घर घेणाऱ्यांच्या बाबतीत सहापटीपेक्षा अधिक गुणोत्तर असलेले कर्ज बँकेला नव्या कर्जवाटपाच्या २० टक्क्यांपर्यंतच देता येते. गुंतवणूकदारांसाठी ही रेषा सातपटीची असून वाटा तोच, २० टक्के. अर्थात, सहाचा आकडा म्हणजे कर्जदारावरील बंदी नव्हे. ते बँकेला घातलेले कुंपण आहे. ६.३ गुणोत्तर असलेला अर्ज मंजूर होऊ शकतो. मात्र तो मर्यादित कोट्यातील जागेसाठी स्पर्धा करत असतो, आणि ती जागा कोणाला द्यायची हे बँक ठरवते. एकाच अर्जाला एका बँकेचा नकार आणि दुसऱ्या बँकेचा होकार मिळण्यामागे हेही एक कारण असू शकते.

२०१३पासून अस्तित्वात असलेले कर्ज-मूल्य गुणोत्तर, म्हणजे ‘एलव्हीआर’, याहून वेगळे आहे. घराच्या किमतीच्या तुलनेत कर्ज किती, हे ते पाहते. वीस टक्के डिपॉझिटची परिचित अट तेथूनच येते. ‘डीटीआय’ लागू करतानाच रिझर्व्ह बँकेने ‘एलव्हीआर’चे नियम काहीसे सैल केले आणि १ डिसेंबर २०२५पासून ते आणखी सैल झाले. किमती कोसळल्यास बँकेचे किती नुकसान होईल, ही ‘एलव्हीआर’ची चिंता, कर्जदाराची परतफेडच थांबण्याचा धोका किती, ही ‘डीटीआय’ची.

सहाची रेषा का?

याचे उत्तर न्यूझीलंडच्या गृहकर्जांच्या रचनेत आहे. अमेरिकेप्रमाणे येथे तीस वर्षांसाठी दर बांधून मिळत नाही. बहुतेक कर्जदार एक-दोन वर्षांसाठी दर स्थिर करतात, आणि मुदत संपली की तत्कालीन दराने पुन्हा सुरुवात होते. २०२१च्या आरंभी तीन टक्क्यांहून कमी दराने कर्ज घेतलेली कुटुंबे २०२३मध्ये सात टक्क्यांच्या आसपास येऊन ठेपली.

वर्षाला १ लाख ६० हजार डॉलर मिळवणाऱ्या दांपत्याने सहापट, म्हणजे ९ लाख ६० हजार डॉलर, तीस वर्षांसाठी घेतले असे समजू. तीन टक्के दराने महिन्याचा हप्ता सुमारे ४,०५० डॉलर होतो. सात टक्क्यांनी तोच सुमारे ६,३९० डॉलर. घर तेच, कर्ज तेच, पगारही तोच. महिन्याला २,३०० डॉलरहून अधिक फरक पडला तो केवळ दरामुळे.

बँका आधीपासूनच प्रत्यक्ष दरापेक्षा चढ्या ‘चाचणी दरा’ने हप्ता झेपेल का, हे तपासतात. दर चढे असताना हीच चाचणी आधी आडवी येते आणि सहापटीपर्यंत फारसे कोणी पोहोचतच नाही. दर उतरले की चाचणी दरही उतरतो, कागदावर झेपणारे कर्ज फुगते, आणि तेव्हा ‘डीटीआय’ची रेषा पुढे येते. स्वस्त कर्जाच्या दिवसांत जोर धरणारा हा लगाम आहे.

भारतातील कर्जाचे काय?

आता वर उल्लेखिलेले दांपत्य उदाहरणादाखल घेऊ. पतीचा पगार ९५ हजार, पत्नीचा ६५ हजार. लोअर हटमध्ये ८ लाखांचे घर, २० टक्के डिपॉझिट, म्हणजे कर्ज ६ लाख ४० हजार. गुणोत्तर बरोबर चार. निश्चिंत व्हावे असा आकडा.

परंतु पुण्यात त्यांचा फ्लॅट आहे आणि त्यावर ६० लाख रुपयांचे कर्ज बाकी आहे. सोयीसाठी डॉलरला ५० रुपये धरले, तर ते १ लाख २० हजार डॉलर होतात. मोटारीचे २४ हजार बाकी आहेत आणि दोन क्रेडिट कार्डांची मिळून मर्यादा १६ हजार आहे. कार्डाचे बिल दरमहा पूर्ण फेडले जात असले, तरी बँका सहसा थकबाकीऐवजी मर्यादा विचारात घेतात. बेरीज ८ लाख, गुणोत्तर पाच. त्यातले पाऊण एकटा पुण्याचा फ्लॅट घेऊन गेला.

येथेच अनेकांचा गोंधळ होतो. ‘ते भारतातले कर्ज आहे, त्याचा इथे काय संबंध’ हा प्रश्न बँकेपुढे टिकत नाही. अर्जात सर्व देणी विचारली जातात आणि त्यात परदेशातील देणीही आली. वडिलांच्या किंवा भावाच्या कर्जात सहकर्जदार म्हणून नाव असल्यास, हप्ता प्रत्यक्षात दुसरे कोणी भरत असले तरी बँक संपूर्ण रक्कम धरू शकते. शिक्षणासाठी भारतीय बँकेतून घेतलेले कर्जही यातच मोडते. फ्लॅटचे भाडे येत असेल, तर ते उत्पन्नात किती धरायचे हे प्रत्येक बँक आपल्या निकषांनी ठरवते. ते पूर्ण धरले जाईल असे गृहीत धरू नये. हे कर्ज न सांगणे हा तर पर्यायच नव्हे. खात्याच्या उताऱ्यात दरमहा भारतात जाणारी रक्कम दिसतेच, आणि अर्जातील चुकीची माहिती मंजूर झालेले कर्जही धोक्यात आणू शकते.

याउलट, साताऱ्यातील आईवडिलांना दरमहा पाठवलेले पैसे हे कर्ज नाही. ते ‘डीटीआय’मध्ये येत नाहीत, मासिक खर्चाच्या तपासणीत मात्र येतात.

दोन तराजू

हा भेद लक्षात घेतला, की कोणते देणे आधी फेडावे याचे उत्तर मिळू लागते. ‘डीटीआय’ कर्जाची रक्कम मोजतो, तर हप्त्याची चाचणी त्याचा मासिक भार मोजते. मोटारीचे २४ हजार डॉलर पहिल्या तराजूत अवघे ०.१५ भरतात. पण ते चार वर्षांत दहा टक्के दराने फेडायचे असतील, तर महिन्याला सुमारे ६१० डॉलर जातात. सात टक्के चाचणी दराने आणि तीस वर्षांच्या मुदतीने पाहिल्यास तेवढ्याच हप्त्यात ९० हजार डॉलरहून अधिक गृहकर्ज बसले असते. म्हणजे हप्त्याची चाचणी अडवत असेल, तर मोटारीचे कर्ज आधी संपवावे. ‘डीटीआय’ अडवत असेल, तर त्याने फारसे साधत नाही, आणि नजर पुण्याकडेच वळवावी लागते. म्हणून बँकेने कमी रक्कम देऊ केली, तर दोहोंपैकी कोणत्या कसोटीमुळे, हा प्रश्न अर्जदाराने किंवा त्याच्या मॉर्गेज ब्रोकरने स्पष्ट विचारायला हवा.

सवलती कोणत्या?

काही कर्जे या निर्बंधांतून वगळलेली आहेत. नवे घर बांधण्यासाठी किंवा नुकतेच बांधलेले घर थेट विकासकाकडून घेण्यासाठीचे कर्ज त्यांत प्रमुख आहे. लोअर हटमध्ये ही सवलत विशेष महत्त्वाची ठरते, कारण नगरनियोजनाचे नियम शिथिल झाल्यानंतर येथे टाउनहाउसची बांधणी मोठ्या प्रमाणावर झाली. सरकारच्या ‘काइंगा ओरा’ संस्थेची हमी असलेले ‘फर्स्ट होम लोन’ही वगळलेले आहे. त्यात पाच टक्के डिपॉझिट पुरते, परंतु दोघा अर्जदारांचे एकत्रित उत्पन्न १ लाख ५० हजार डॉलरपर्यंतच असावे लागते. वरील दांपत्य त्यात बसत नाही. कर्जाची रक्कम न वाढवता बँक बदलणे, जुने घर विकून नवे घेताना लागणारे अल्पकालीन कर्ज आणि घरातील मोठ्या दोषांची दुरुस्ती, यांनाही सूट आहे.

मात्र सूट मिळते ती ‘डीटीआय’च्या मर्यादेतून, हप्ता झेपतो का, ही चाचणी कायम राहते. तसेच कौन्सिलचे रेट्स आणि घराचा विमा ‘डीटीआय’मध्ये कुठेच दिसत नाहीत. वेलिंग्टन भूकंपरेषा हट खोऱ्याच्या पश्चिम कडेने जाते. तेथे विम्याचा खर्च घर पसंत करण्यापूर्वीच विचारून घेणे शहाणपणाचे.

अर्जापूर्वीची तयारी

पहिले काम म्हणजे दोन्ही देशांतील सर्व देण्यांची एकच यादी करणे आणि भारतीय बँकेकडून शिल्लक कर्जाचा ताजा दाखला घेणे. दुसरे, न वापरली जाणारी कार्डे बंद करणे किंवा त्यांची मर्यादा उतरवणे. तिसरे, किवीसेव्हर. तीन वर्षांची सदस्यता पूर्ण झालेल्यांना पहिल्या घरासाठी खात्यात एक हजार डॉलर ठेवून उरलेली रक्कम सहसा काढता येते. डिपॉझिट वाढले की कर्ज आणि गुणोत्तर दोन्ही उतरतात. सहकर्जदार म्हणून केवळ नावापुरते असलेले नाव भारतीय कर्जातून काढून घ्यायचे असेल, तर त्याला वेळ लागतो; घर पसंत पडल्यावर ती धावपळ करून उपयोग नसतो.

शेवटचा हिशेब बँक मागत नाही, तो घरीच करायचा असतो. उदाहरणातील दांपत्याचे गुणोत्तर पाच आहे, रेषेच्या आत. पण मूल झाल्यावर पत्नीने काही वर्षे अर्धवेळ काम केले, तर उत्पन्न १ लाख २७ हजार ५०० होते आणि तेच कर्ज ६.२७ पटीवर जाते. मिळालेले कर्ज त्यामुळे कोणी परत मागत नाही. परंतु अधिक रक्कम हवी झाल्यास दार अरुंद झालेले असते, आणि स्थिर दराची मुदत त्याच सुमारास संपली तर दोन्ही ओढी एकदम बसतात.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे मराठी घरांत लहानपणापासून ऐकवले जाते. बँक आजचे अंथरूण मोजते. ते आखडलेल्या वर्षी गुणोत्तर किती होईल, हा आकडा कुटुंबाने सही करण्याआधी स्वतः कागदावर मांडून पाहावा.