मेंदूचं चित्र, भाग ७ : डावं ते डावंच राहावं म्हणून

तीर्थपुरीहून जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला जाऊन एमआरआय केला की रुग्णाच्या हाती फिल्म, रिपोर्ट आणि बहुतेक वेळा एक सीडी येते. सीडी कपाटात पडून राहते. ती उघडली, तर आत शेकडो फायली दिसतात. त्या असतात डायकॉम स्वरूपात. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांच्या प्रतिमा वाचता याव्यात म्हणून १९९३ साली हे नाव घेऊन आलेलं हे मानक आज जवळपास प्रत्येक रुग्णालयात आहे.

मागच्या भागात पाहिलेल्या, काम करत असलेला मेंदू टिपणाऱ्या फंक्शनल एमआरआयमध्ये फायलींचा हा पसारा फारच वाढतो. मेंदूचे ३६ काप, दर दोन सेकंदांनी एकदा, असं दहा मिनिटं चाललं तर ३०० वेळा अख्खा मेंदू टिपला जातो. प्रत्येक कापाची वेगळी फाइल धरली, तर त्या होतात १०,८००. काही यंत्रं एका वेळचे सगळे काप एकाच मोठ्या चौकोनात मांडून देतात. मग ते सुटे करावे लागतात. विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरला मात्र लांबी, रुंदी, उंची आणि काळ अशी चारही परिमाणं एकाच फायलीत हवी असतात. ती फाइल म्हणजे निफ्टी. क्रिस रॉर्डन यांचं ‘डीसीएम२निक्स’ हे मोफत साधन हे रूपांतर काही मिनिटांत करतं.

ते झालं की काम संपलं असं समजणं मला धोक्याचं वाटतं. डायकॉममध्ये आडवा अक्ष रुग्णाच्या डावीकडे वाढतो, निफ्टीत उजवीकडे. निफ्टीआधी वापरात असलेल्या ‘अ‍ॅनालाइझ’ स्वरूपात तर बाजूची खात्रीलायक नोंदच नसे. निफ्टीने फायलीच्या सुरुवातीच्या ३४८ बाइटांच्या शीर्षकात ती सोय केली. पण शीर्षक चुकीचं लिहिलं गेलं किंवा वाचलंच गेलं नाही, तर मेंदू आरशात पाहिल्यासारखा उलटतो. मेंदूचे दोन्ही अर्धे इतके सारखे दिसतात की नुसत्या डोळ्यांना हे सहसा कळत नाही.

याचा परिणाम आपल्या लिपीच्या अभ्यासापर्यंत पोचतो. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी २००९ साली देवनागरी वाचनाचा फंक्शनल एमआरआय अभ्यास प्रसिद्ध केला. वाचणारे हिंदी भाषक होते, पण अक्षराच्या वर, खाली, मागे, पुढे बसणाऱ्या मात्रा मराठीतही त्याच. या वाचनात डाव्या गोलार्धाबरोबर उजव्याचाही सहभाग दिसला. अशा अभ्यासात बाजू उलटली तर निष्कर्षच उलटा होईल. मेंदूतली गाठ काढण्यापूर्वी रुग्णाची भाषा कोणत्या बाजूला आहे हे शोधताना तर ही चूक त्याच्या वाचेवरच बेतू शकते.

म्हणून अनेक प्रयोगशाळा स्कॅनआधी रुग्णाच्या कपाळाच्या उजव्या बाजूला ‘ई’ जीवनसत्त्वाची कॅप्सूल चिकटवतात. मेंदूची रचना दाखवणाऱ्या प्रतिमेत ती पांढरी ठळक उमटते. रूपांतरानंतर ती उजवीकडेच दिसते ना, एवढंच पाहायचं.

आणखी एक काळजी नावाची. डायकॉममध्ये रुग्णाचं नाव, जन्मतारीख, लिंग सगळं असतं. रूपांतरानंतर शेजारी तयार होणाऱ्या माहितीच्या फायलीतही यातलं काही उरू शकतं, आणि रचनेच्या प्रतिमेतून चेहरा पुन्हा उभा करता येतो. तीर्थपुरीसारख्या गावात वय आणि आजार एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो. त्यामुळे फायली बाहेर देण्यापूर्वी नाव, जन्मतारीख अशी ओळख पटवणारी माहिती काढायची, आणि चेहऱ्याचा भागही पुसायचा.

पुढच्या भागात : डोकं जरासं हललं तर काय होतं?