‘हातीपायी धड’ : मधुमेहावरील औषधे आणि निरामय वार्धक्य

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्यातील डोंगरी तालुके. (पैकी वेल्ह्यास ‘राजगड’ हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला.) या भागात वृद्ध माणसाची विचारपूस करताना त्याचे वय किती, हा प्रश्न गौण असतो, ‘हातीपायी धड आहेत ना?’ हा खरा प्रश्न होय. हा वाक्प्रचार मराठीत सर्वत्र रूढ आहे. परंतु जेथे शेताचा बांध चढावयाचा, पाणी आणावयाचे आणि एस. टी. गाठण्यासाठी उतार उतरावयाचा, तेथे त्याचा वाच्यार्थ अद्याप जिवंत आहे.

मधुमेहासाठी व वजन उतरविण्यासाठी वापरली जाणारी काही औषधे वार्धक्यही लांबवितात, असे अलीकडे म्हटले जाते. या विधानात वस्तुतः तीन विधाने एकत्र झाली आहेत : विशिष्ट रोग टळतात, आयुष्य वाढते, आणि हातीपायी धड राहण्याचा काळ वाढतो. यांपैकी एकाचा पुरावा दुसऱ्याचा पुरावा ठरत नाही. प्रस्तुत लेखात हे तिन्ही अर्थ वेगळे करून पाहावयाचे आहेत.

प्रथम मेटफॉर्मिनचा विचार करू. युरोपातील गॅलेगा या वनस्पतीत सापडलेल्या द्रव्याशी नाते असलेले हे औषध झाँ स्टर्न यांनी १९५७ साली मधुमेहासाठी पुढे आणले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश पाहणीत, स्थूल मधुमेही रुग्णांच्या मेटफॉर्मिन घेणाऱ्या गटातील मृत्यूंचे प्रमाण केवळ आहारनियमन करणाऱ्या गटाहून ३६ टक्क्यांनी कमी आढळले. पुढे २०१४ साली ब्रिटनमधील नोंदींवरून असे दिसले की, हे औषध घेणारे मधुमेही निरोगी समवयस्कांहूनही किंचित अधिक जगतात. ‘वार्धक्यावरील औषध’ ही कल्पना येथून बळावली. तथापि २०२२ साली डेन्मार्कमधील नोंदी तपासल्या असता तो लाभ आढळला नाही. मधुमेह नसलेल्या ६५ ते ७९ वर्षांच्या सुमारे ३,००० व्यक्तींवर मेटफॉर्मिनचा प्रयोग करण्याची योजना अमेरिकेत आखली गेली. ती निधीअभावी दीर्घकाळ रखडली. तात्पर्य, मधुमेह्यांना होणारा लाभ सिद्ध आहे; निरोगी वृद्धांविषयीचे विधान अद्याप अनुमानच आहे.

दुसरा वर्ग सेमाग्लुटाइडसारख्या औषधांचा. जेवणानंतर आतड्यातून स्रवणाऱ्या एका संप्रेरकाचे ते अनुकरण करते : इन्सुलिनचा स्राव वाढविते, जठर रिते होण्याची गती मंदावते आणि मेंदूस तृप्तीचा संदेश देते. २०२१ सालच्या प्रयोगात ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरले. २०२३ साली, हृदयविकार असलेल्या परंतु मधुमेह नसलेल्या १७,६०४ स्थूल वा अतिवजनी व्यक्तींच्या पाहणीत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व हृद्रोगजन्य मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटलेले आढळले. हा लाभ मोठा आहे. मात्र स्मृतिभ्रंशाच्या प्रारंभिक अवस्थेवर हेच औषध वापरून पाहिले असता ऱ्हासाची गती मंदावली नाही, हे नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. म्हणजे येथेही ‘विशिष्ट रोग टळतात’ हे पहिलेच विधान दृढ ठरते.

आता तिसऱ्या अर्थाकडे वळू. या औषधांनी उतरणाऱ्या वजनात केवळ मेद नसतो. उपरोक्त २०२१ च्या प्रयोगातील काही व्यक्तींची शरीररचना मोजली असता घटलेल्या वजनाचा सुमारे दोनपंचमांश भाग मेदेतर, म्हणजे स्नायू इत्यादींचा होता. औषध थांबविल्यावर वर्षभरात गमावलेल्या वजनाचा दोनतृतीयांश भाग परत आला. परतणारे वजन प्रामुख्याने मेदाचे असेल तर वृद्धाची स्थिती पूर्वीहून दुबळी होण्याचा संभव आहे. मेटफॉर्मिनविषयीही २०१९ साली असे आढळले की, वजने उचलण्याचा व्यायाम करणाऱ्या वृद्धांची स्नायुवृद्धी त्याने काहीशी रोखली.

आपल्या प्रदेशात हा प्रश्न अधिक बिकट होतो. २००४ साली डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्यासमवेत स्वतःचेच उदाहरण मांडले : दोघांचाही देहभारांक २२.३, परंतु मेदाचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिकांत २१.२ टक्के. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासातही नवजात बालके वजनाने हलकी, पण मेदाने तुलनेने संपन्न आढळली. गर्भवती मातांत ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव सर्रास होती. मेटफॉर्मिनच्या दीर्घ सेवनाने याच जीवनसत्त्वाचे प्रमाण आणखी घटते. तेव्हा डोंगरातील काटक्या शरीराच्या मधुमेही वृद्धास ‘वजन उतरवा’ हा सल्ला सरसकट देता येणार नाही. चरकाने प्रमेही रुग्णांचे स्थूल व कृश असे दोन भेद करून स्थूलास शोधन आणि कृशास बृंहण, म्हणजे पोषण, सांगितले. या विवेकाची आजही गरज आहे.

भाषाही येथे साक्ष देते. आपल्याकडे ‘तब्येत सुधारली’ म्हणजे अंग भरले आणि ‘तब्येत उतरली’ म्हणजे माणूस वाळला. अन्नाची चणचण सोसलेल्या समाजाने घडविलेला हा अर्थ स्थूल मधुमेह्याच्या बाबतीत दिशाभूल करतो, हे खरे. परंतु वृद्धाचे वाळणे हे अशुभ लक्षण असू शकते, हे त्यातील शहाणपण टाकाऊ नव्हे.

म्हणून औषधाची कसोटी केवळ काट्यावरील किलोने वा रक्तातील साखरेने न लावता, मुठीची पकड, चालण्याची गती आणि आधाराविना जमिनीवरून उठण्याची शक्ती यांनीही लावली पाहिजे. पुरेशी प्रथिने व स्नायूंना ताण देणारा व्यायाम ही उपचाराची अंगेच मानावयास हवीत. आयुष्य किती वाढले, हे सांगण्यास शास्त्राला अजून अवधी लागेल. दरम्यान कोणता प्रश्न विचारावयाचा, हे मात्र भोर-वेल्ह्यातील विचारपूस करणाऱ्यास आधीपासूनच ठाऊक आहे.